पाखरांचे औषधपाणी आणि त्याचा भार : एक मागोवा

लातूर काय किंवा नांदेड काय, गेल्या काही वर्षांत आपल्या वसाहतींतून एक नवे दृश्य नित्याचे झाले आहे. गॅलरीत टांगलेला तारांचा पिंजरा, त्यात हिरवी-पिवळी चिमुकली पाखरे आणि खाली सांडलेला राळ्याचा कोंडा. बाजारात ज्यांना ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात ती बहुधा बजरीगर जातीची, मूळ ऑस्ट्रेलियातील पाखरे असतात. क्वचित एखाद्या घरी तुऱ्याचे कॉकटेलही दिसते. मुलांचा हट्ट, वृद्धांची सोबत अशा कारणांनी ही पाखरे घरात येतात आणि एके दिवशी पिसे फुलवून, डोळे मिटून पिंजऱ्याच्या कोपऱ्यात बसतात. तेव्हा घरात हिशेब सुरू होतो. जोडी काही शे रुपयांत मिळते. डॉक्टरांची तपासणी, औषध आणि मोठ्या शहरापर्यंतचा प्रवास यांचा खर्च त्याहून अधिक होतो. मग ‘दुसरी जोडी आणू’ असे म्हणून विषय संपविला जातो.

पाखराच्या जिवाची किंमत बाजारभावाने ठरवावी काय, आणि ठरवायची नसेल तर औषधपाण्याचा भार कोणी उचलावा, हा प्रश्न नवा नाही. आपल्या समाजाने तो शतकानुशतके हाताळला आहे. त्याची उत्तरे कोणकोणती निघाली आणि ती कोठे अपुरी पडली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेण्याचा विचार आहे.

प्राचीन काळाकडे पाहता दोन गोष्टी प्रथम नजरेत भरतात. सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात मनुष्य व पशू या दोघांच्याही चिकित्सेची व्यवस्था केल्याचे नमूद केले आहे. पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची जी यादी दिली आहे, तीत शुक आणि सारिका, म्हणजे राघू आणि मैना, अग्रभागी आहेत. दुसरी गोष्ट आपल्या अधिक जवळची. तेराव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या हंसदेव या जैन ग्रंथकाराने ‘मृगपक्षिशास्त्र’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला आणि त्यात पशुपक्ष्यांचे प्रकार, स्वभाव व वयोमान यांचे वर्णन केले. अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांच्यामुळे हा ग्रंथ मराठी वाचकांपर्यंत पोहोचला. पाखराला दया दाखवायची तर आधी त्याला ओळखले पाहिजे, ही जाण त्यामागे दिसते.

परंतु पाखरू घरी बाळगणे ही गोष्ट मात्र आपल्या आचार्यांनी कधीच निःशंकपणे मान्य केलेली नाही. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत पहिला ‘बंध’ आहे, तर अन्नपाण्याचा निरोध शेवटचा. आचार्य हेमचंद्रांनी ‘योगशास्त्रा’त श्रावकाने टाळावयाच्या धंद्यांची चर्चा करताना राघू-मैना, मांजर, कुत्रा, कोंबडा, मोर यांना धनासाठी पोसणे निषिद्ध सांगितले आहे. म्हणजे पिंजऱ्याचे दुकान श्रावकाने काढू नये हे स्पष्टच आहे. तथापि दुकानातून पिंजरा घरी आणणाऱ्याचे काय, हा प्रश्न आपण सोयीस्करपणे बाजूस ठेवलेला दिसतो.

आता पाखरांच्या रुग्णालयाकडे वळू. या विषयाचा सर्वांत जिवंत वृत्तांत एका परकीयाने लिहून ठेवला आहे. पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी १६२३ साली खंभात बंदरी आला. तेथे महाजनांनी चालविलेले पाखरांचे रुग्णालय त्याने पाहिले. कोंबडे, कबुतरे, मोर, बदके आणि लहानसहान पाखरे यांपैकी जी लंगडी, आजारी किंवा जोडीदाराला मुकलेली असत त्यांना तेथे ठेवून घेत. सारा खर्च लोकांच्या दानातून चाले. त्याच ठिकाणी आईवेगळी झालेली उंदराची पिल्ले एका पेटीत कापसावर ठेवलेली होती आणि पांढऱ्या दाढीचा एक वृद्ध, नाकावर चष्मा लावून, पाखराच्या पिसाने त्यांना दुधाचे थेंब पाजीत होता. खंभातेतच गुराढोरांसाठी वेगळे आश्रयस्थान होते. तेथे जनावरांबरोबर, चोरीच्या शिक्षेपायी दोन्ही हात गमावलेला एक परधर्मी माणूसही या लोकांनी दयेने सांभाळला होता, अशी नोंद तो करतो.

या वृत्तांतातील एक बारकावा मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. बरे झालेले पाखरू रानातले असेल तर त्याला सोडून देत. ते माणसाळलेले असेल तर एखाद्या धर्मशील गृहस्थाच्या स्वाधीन करीत आणि तो त्याला घरी सांभाळी. पिसाने दूध पाजणाऱ्या त्या वृद्धाच्या करुणेइतकाच हा नियमही मोलाचा आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. त्याचे कारण पुढे येईल.

मुंबईच्या पांजरपोळीचा इतिहास अनेकांना ठाऊक आहे. १८३२ च्या जून महिन्यात भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमावरून शहरात दंगा झाला. पारशी, हिंदू व जैन त्यात एकत्र होते. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ साली, सर जमशेटजी जिजीभाई आणि शेठ मोतीशा अमीचंद यांच्या पुढाकाराने पांजरपोळ स्थापन झाली. शत्रुंजयावरील मोतीशा टूंक ज्यांच्या नावाने ओळखली जाते तेच हे मोतीशा. पुढे १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणारी मंडळी मुंबईत उभी राहिली, १८८३ मध्ये सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या दानातून परळला बाई साकरबाई यांच्या नावाचे पशुरुग्णालय झाले आणि १८८६ मध्ये तेथेच पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. पांजरपोळीचे काम आश्रय देण्याचे. चिकित्सेचे शास्त्र परळला आले. या दोन गोष्टी आपण पुष्कळदा एकच समजतो, परंतु त्या एक नव्हेत.

पांजरपोळ चालली कशावर? एखाद्या शेठजीच्या देणगीवर इमारत उभी राहते, पण रोजचा चारादाणा देणगीवर चालत नाही. म्हणून व्यापाऱ्यांनी आपल्या उलाढालीवर स्वेच्छेने लाग बसविला. कापसासारख्या मालाच्या व्यवहारामागे ठरावीक रक्कम पांजरपोळीकडे जाऊ लागली. ज्याच्या दारी जनावर आजारी पडले त्याने एकट्याने खर्च सोसण्याऐवजी, ज्यांचे काहीच बिघडलेले नाही अशा शेकडोंनी थोडे थोडे देऊन तो वाटून घ्यावा, अशी ही योजना होती. विम्याचे तत्त्व याहून वेगळे काय असते? फरक एवढाच, की विम्यात हप्ता भरणाऱ्यालाच भरपाई मिळते, आणि येथे हप्ता व्यापारी भरीत असे व भरपाई मुक्या जिवाला मिळे.

मराठवाड्यातील आपल्या बाजारपेठांना ही पद्धत अपरिचित नाही. १९०० च्या सुमारास मनमाड–सिकंदराबाद लोहमार्ग नांदेडवरून गेला, १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोहोचली आणि या दोन्ही गावांत कापूस, गळीत धान्ये व डाळींचा व्यापार वाढला. मारवाड, गुजरात, कच्छ येथून आलेली कुटुंबे येथल्या जुन्या जैन समाजात मिसळली. मोंढ्यातील आडत्याच्या पट्टीवर हमाली, तोलाई यांच्या जोडीला ‘धर्मादाय’ अशी एक ओळ असे. हे जुन्या पिढीतील मंडळींना आजही आठवेल.

या ओळीसंबंधी एक कटू सत्य सांगणे भाग आहे. पट्टी असे शेतकऱ्याची. म्हणजे धर्मादायाची ती रक्कम अनेकदा त्याच्याच मालाच्या पैशांतून वजा होई आणि पुण्य मात्र पेढीच्या नावे जमा होई. १९२८ च्या शाही कृषी आयोगाने बाजारातील अशा मनमानी वजावटींवर टीका केली. निजाम राज्यात १९३० साली कृषी बाजारांचा कायदा झाला आणि महाराष्ट्राच्या १९६३ च्या कायद्याने शेतकऱ्याच्या पट्टीतून अशा रकमा कापण्याची वाट बंद केली. हे योग्यच झाले. दुसऱ्याच्या खिशातून केलेल्या जीवदयेला जीवदया कसे म्हणावे? दुसऱ्या बाजूने, ग्राहकाकडून बिलात घेतलेला ‘धर्मादा’ व्यापाऱ्याचे उत्पन्न ठरतो काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७९ मध्ये बिजली कॉटन मिल्सच्या खटल्यात न्यायालयाने निर्णय दिला, की ही रक्कम धर्मकार्याच्या बंधनासह हाती येते, म्हणून ती व्यापाऱ्याची मिळकत नव्हे. ज्या नीतीवर आपल्या पेढ्या चालत तीच या निर्णयाने कायद्याच्या भाषेत मांडली, असे म्हणावयास हरकत नाही. तरीही लाग कमी होत गेला. त्याच्या जागी पर्युषणातील बोल्या, वाढदिवसाचे दान आणि चाऱ्याचे पैसे आले. यांचा ओघ स्वाभाविकपणेच गाईकडे वळला आणि पाखरांच्या वाट्याला परबीतले पाणी व मूठभर दाणे उरले.

पाखरांच्या चिकित्सेची परंपरा अखंड चालू ठेवण्याचा मान मात्र दिल्लीकडे जातो. चांदणी चौकातील दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारातील पक्षी रुग्णालयाचा आरंभ १९२९ चा. १९५७ मध्ये त्याला सध्याची इमारत लाभली. उपचार विनामूल्य होतात. पतंगाच्या मांजाने पंख कापलेली आणि पंख्यात सापडून जखमी झालेली कबुतरे तेथे मोठ्या संख्येने येतात. तेथला नियम असा, की बरे झालेले पाखरू आणणाऱ्यास परत न देता मुक्त करावयाचे.

या रुग्णालयाचा आणखी एक नियम विचार करावयास लावणारा आहे. मांसाहारी पाखरांना तेथे इतर पाखरांसमवेत ठेवून घेत नाहीत. त्यामागची अडचण उघड आहे. घारीला बरे करायचे तर तिला मांस द्यावे लागते. दिल्लीतील नदीम शहजाद आणि मोहम्मद सौद या बंधूंना तरुणपणी एक जखमी घार सापडली. ती या रुग्णालयात घेतली गेली नाही, तेव्हा ते स्वतःच घारींवर उपचार करू लागले. त्यांच्या कामावरील ‘ऑल दॅट ब्रीद्स’ हा माहितीपट २०२२ मध्ये जगभर गाजला आणि पुढच्या वर्षी ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला. रुग्णालयाच्या मर्यादेला दोष देण्याचे कारण नाही. आपला आचार सांभाळूनच ते चालणार. परंतु घारीलाही जीव आहे आणि तिची वेदना कबुतराच्या वेदनेहून वेगळी नाही, हे त्या दोघांनी आपल्याही लक्षात आणून दिले. स्वतः मांस हाताळावयाचे नसेल तर असे पाखरू घेणाऱ्या ठिकाणापर्यंत ते पोहोचविणे आणि त्या प्रवासाचा खर्च देणे, एवढे तरी आपल्या आचाराच्या कक्षेत बसते.

आपल्या विभागात पशुवैद्यकाची सोय उशिरा आली, पण आली. परभणीचे पशुवैद्यक महाविद्यालय १९७२ चे, तर लातूर जिल्ह्यातील उदगीरचे १९८७ चे. देवणी आणि लाल कंधारी या दोन नामांकित गोवंशांचा हा प्रदेश. साहजिकच येथली विद्या गाई-बैलांभोवती वाढली. कोंबड्यांच्या मानमोडीवर, म्हणजे राणीखेत रोगावर, लस टोचण्याचे काम गावोगाव होते. घरातल्या पाखराची चिकित्सा हे मात्र निराळे शास्त्र आहे आणि ते खर्चिक का असते हे समजून घेतले पाहिजे. बजरीगराचे वजन साधारण ३० ते ४० ग्रॅम. त्याच्या अंगात रक्त असते तीन-चार मिलिलिटर, म्हणजे साठ-ऐंशी थेंब. त्यातून तपासणीसाठी सात-आठ थेंबांहून अधिक काढता येत नाही. नख तुटून वाहिलेले रक्तही त्याच्या जिवावर बेतू शकते. औषधाची मात्रा थेंबाच्या अंशात मोजावी लागते. क्ष-किरण काढावयाचा तर भूल देण्याचे कौशल्य लागते. शिवाय पाखरू आपला आजार लपविते. रानात अशक्त दिसणारे पाखरू प्रथम शिकार होते, म्हणून निसर्गाने त्याला ही सवय लावली आहे. ते सुस्त बसलेले दिसते तेव्हा आजार बहुधा बराच पुढे गेलेला असतो. पोपटज्वरासारखा रोग माणसालाही होऊन फुप्फुसांना सूज आणतो आणि त्यावर पाखराला सहा आठवड्यांच्या आसपास औषध द्यावे लागते. एवढे सारे शे-दीडशे रुपयांत व्हावे ही अपेक्षाच चुकीची आहे.

गाईवरील उपचार आणि पाखराचा जीव यांचा एक दुःखद संबंधही या ठिकाणी नोंदविला पाहिजे. गुरांच्या वेदनेवर डायक्लोफेनॅक हे औषध स्वस्त म्हणून सर्रास टोचले जाई. अशा गुराचे शव खाणारी गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मरतात, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. तोवर भारतातील गिधाडांच्या काही जाती जवळजवळ संपल्या होत्या. २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे सुरक्षित औषध उपलब्ध होते, पण आरंभी ते महाग होते. २०२३ मध्ये अॅसिक्लोफेनॅक व किटोप्रोफेन यांनाही जनावरांसाठी बंदी झाली. वृद्ध गुरे सांभाळणाऱ्या प्रत्येक गोशाळेने व पांजरपोळीने आपले औषधांचे कपाट या दृष्टीने एकदा तपासावे.

आता विम्याविषयी. पाळीव प्राण्यांच्या विम्याचा उगम युरोपात झाला. स्वीडनमध्ये घोडे व गुरे यांच्यापाठोपाठ १९२४ साली कुत्र्याचा विमा उतरविला गेला. अमेरिकेत १९८२ मध्ये पहिली पॉलिसी मिळाली ती दूरचित्रवाणीवरील प्रसिद्ध लॅसी या कुत्रीच्या भूमिकेतील प्राण्याला. खर्च झेपत नाही म्हणून जनावराला कायमचे झोपविण्याची पाळी येते, हे रोज पाहणाऱ्या पशुवैद्यांनी ती योजना काढली होती. आज त्या देशात पोपटांच्या उपचारखर्चाचाही विमा मिळतो. आपल्याकडे पाळीव प्राण्यांचा विमा मुख्यतः कुत्री व मांजरे यांच्यापुरता आहे. दुभत्या गुरांचा व व्यवसायाच्या कोंबड्यांचा विमा जुना, पण तो मृत्यूनंतर बाजारभावाने भरपाई देणारा. काही शे रुपयांच्या पाखरासाठी अशा विम्याचा दावा करावयाचा तर शवविच्छेदनाच्या दाखल्यालाच त्याहून अधिक धावपळ व्हावी.

शिवाय विम्याला ओळख लागते. गाईच्या कानात बिल्ला असतो, परदेशी पोपटाच्या पायात कडे असू शकते. परंतु आपल्या घरांतून ‘मिठू’ म्हणून जो देशी राघू ठेवतात तो पाळणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. १९७२ चा हा कायदा १९९१ मध्ये देशी पाखरांच्या व्यापाराबाबत अधिक कडक झाला आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर आंतरराष्ट्रीय करारात समाविष्ट असलेल्या अनेक परदेशी जातींचीही नोंदणी आवश्यक झाली. जो राघू कागदावर असूच शकत नाही त्याचा विमा कसा निघणार? त्याला डॉक्टरांकडे नेण्यासही लोक कचरतात. म्हणजे बंधाचा अतिचार आणि उपचाराचा अभाव, दोन्ही त्याच्याच वाट्याला. पर्वाच्या दिवशी पारध्याकडून पाखरे विकत घेऊन सोडणाऱ्यांनीही विचार करावा, की त्या पैशांतून दुसऱ्या दिवशीचे जाळे विकत घेतले जाते.

बाजारभावाचा हिशेब कोठे जाऊन थांबतो ते आपल्या विभागाने अलीकडेच पाहिले. २०२१ च्या जानेवारीत परभणी व लातूर जिल्ह्यांत कोंबड्यांत बर्ड फ्लू आला. कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या तेव्हा शासनाने अंडी देणाऱ्या मोठ्या कोंबडीमागे ९० रुपये, मांसल कोंबडीमागे ७० रुपये आणि अंड्यामागे ३ रुपये असा दर ठरविला. जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात पन्नासाहून अधिक कावळे पटापट मरून पडले. भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लूच असल्याचे सांगितले. कावळ्यासाठी कोणत्याही तक्त्यात दर नव्हता, कारण तो कोणाच्याही मालकीचा नव्हता. अशा वेळी मेलेल्या वा झिंगलेल्या पाखराला हात न लावता पशुसंवर्धन खात्याला कळविणे हीच खरी सेवा होय. तेथे उत्साहाने पाखरे घरी आणणे धोक्याचे आहे.

एरवीच्या आजारी व जखमी पाखरांसाठी मात्र जुन्या लागाचे स्वरूप आजही उपयोगी पडण्यासारखे आहे, फक्त तो स्वतःच्या खिशातून दिलेला असावा. आपल्या विश्वस्त संस्थांच्या जीवदया खात्यात गाईच्या चाऱ्याप्रमाणे ‘पक्षी-चिकित्सा’ असे वेगळे पान असू शकते. संक्रांतीच्या सुमारास नायलॉन मांजाने जखमी होणारी पाखरे (राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घालूनही हा मांजा मिळतोच), उन्हाळ्यात पाण्यावाचून कोसळणारी, आणि घरोघरच्या पिंजऱ्यांतील आजारी अशी तिन्ही प्रकारची पाखरे त्या पानावर येतील. ज्या घरी पाखरू आहे त्या घराने महिन्याला थोडी रक्कम या खात्यात टाकावी आणि पाखरू आजारी पडल्यास तपासणीचा खर्च खात्यातून व्हावा. घारी-घुबडांसाठी वनखात्याशी संपर्क आणि वाहनखर्च, एवढी तजवीज पुरेशी आहे.

बरे झाल्यावर पाखराचे काय करावयाचे, याचे उत्तर दिल्लीच्या नियमात पूर्ण मिळत नाही. देशी राघू किंवा रानातले पारवे वनखात्याच्या सल्ल्याने आकाशात गेले पाहिजेत. पिंजऱ्यातच जन्मलेला ऑस्ट्रेलियन बजरीगर लातूरच्या आकाशात सोडला तर त्याला दाणा शोधता येत नाही आणि संध्याकाळपर्यंत तो कावळ्याच्या वा मांजराच्या तोंडी जातो. त्याच्यासाठी खंभातचा चारशे वर्षांपूर्वीचा नियमच लागू पडतो : धर्मशील गृहस्थाचे घर, मोठा पिंजरा, जोडीदार आणि त्या पानावर त्याच्या नावाची एक ओळ.